साडेत्रेसष्ट अंश

२०२१ च्या जानेवारीत माझ्या रूममेटला टीबी निघाला. तो सिल्लोडचा, मी फर्दापूरचा. इंजिनिअरिंग दोघांनी औरंगाबादला केलं (तेव्हा शहराचं नाव तेच होतं) आणि नोकरीही मुंबईत साधारण एकाच सुमारास लागली. महिनाभर त्याला खोकला होता, पण त्या वर्षी खोकला म्हटलं की एकच आजार डोक्यात यायचा. दोनदा स्वॅब दिला, दोन्ही वेळा निगेटिव्ह. शेवटी थुंकी तपासली. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही म्हणून बजावलं आणि कागद हातात देता देता विचारलं, “खोलीत ऊन येतं का?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

आमची खोली गिरगावात होती. जुन्या इमारतीचा पहिला मजला, चौघांत एक खोली. तिला खिडकी होती, पण ती घरगल्लीत उघडायची. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. घरगल्ली म्हणजे दोन इमारतींच्या पाठींमधली चिंचोळी फट. शहरात फ्लशचे संडास नव्हते तेव्हा सफाई कामगार या फटीतून येऊन मैल्याच्या टोपल्या काढून न्यायचे. आता तिथे पाइप, कबुतरं आणि वरून फेकलेला कचरा असतो. आम्ही खिडकी उघडायचो ती फक्त एसीवाल्याला आउटडोअर युनिट बसवता येईल का, हे विचारायला. तो नाही म्हणाला. मग ती बंदच राहिली.

२०२० चं लॉकडाऊन आम्ही त्या खोलीत काढलं. चार लॅपटॉप, चार हेडफोन आणि रात्रंदिवस जळणारी एक ट्यूबलाइट. दुपारचे दोन वाजलेत की रात्रीचे, हे घड्याळाकडे बघूनच कळायचं. आई फोनवर जेवणाचं विचारायची, पगाराचं विचारायची. उजेडाचं तिला कधी सुचलं नाही. आमच्या गावात तो विचारायचा विषयच नाही.

मित्राला टीबी त्या खोलीतच झाला, असं मी म्हणत नाही. लोकल आहे, ऑफिस आहे, शहरात कुठूनही होऊ शकतो. तो गोळ्या घेऊन खडखडीत बरा झाला आणि आता सिल्लोडहूनच काम करतो. पण डॉक्टरबाईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याच वर्षी मी गिरगाव सोडलं आणि दादरच्या हिंदू कॉलनीत एका फ्लॅटमधली अर्धी खोली भाड्याने घेतली.

रुंद गल्ली

हिंदू कॉलनीतल्या पहिल्या आठवड्यात मला झोप लागत नव्हती. कारण सांगायला लाज वाटते, पण सकाळी साडेसहाला तोंडावर उजेड यायचा. मला त्याची सवयच राहिली नव्हती.

दादर स्टेशनच्या पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चाललं की ही वस्ती लागते. रस्त्यांना लोक पहिली गल्ली, दुसरी गल्ली असं म्हणतात. अशा सहा गल्ल्या आहेत. पण त्यांना गल्ली म्हणणं म्हणजे थट्टाच. गिरगावातल्या गल्लीत समोरून हातगाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागायचं. इथे दोन्ही बाजूंना गाड्या लावूनही मधून टेम्पो जातो. दुतर्फा मोठी झाडं. जुन्या इमारती बहुतेक तीन-चार मजली, रस्त्यापासून थोड्या मागे सरकलेल्या, एकमेकींपासून अंतर राखून उभ्या. गोलाकार बाल्कन्या. दुपारी फुटपाथवर झाडांची सावली पडते आणि खिडक्यांत मात्र उजेड असतो. ही सोय कुणीतरी मुद्दाम केली असणार, असं मला पहिल्यापासून वाटत होतं.

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात एक आजोबा राहतात. त्यांचा जन्म याच घरातला. घराला ते अजून ‘ब्लॉक’ म्हणतात. त्यांच्या वडिलांनी भाड्याने ब्लॉक घेतला तेव्हा गिरगावातले नातेवाईक तो बघायला यायचे. बघायचं काय, तर घराच्या आत असलेला संडास आणि दोन बाजूंनी उजेड येणारं स्वयंपाकघर. आजोबा म्हणतात, “आमच्या आत्याला ते पटलंच नव्हतं. म्हणायची, संडास घरात, मग देव कुठे ठेवायचे?”

आमच्या इमारतींच्या पाठीमागे आणि बाजूलाही मोकळी जागा आहे. ती पार्किंगसाठी सोडली असेल असं मला वाटायचं. पण इमारत १९३० च्या दशकातली. तेव्हा या लोकांकडे कुठल्या मोटारी? मग ही जागा कशासाठी सोडली?

प्लेगने आखलेले रस्ते

याचं उत्तर शोधता शोधता मी १८९६ सालापर्यंत पोचलो.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, बोटींचा माल आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसं. काही महिन्यांत लोक शहर सोडून पळायला लागले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती ७,७६,००६ भरली. गिरण्या वाढत असलेल्या शहराची माणसं दहा वर्षांत कमी झाली, ही साधी गोष्ट नव्हे.

प्लेग म्हटलं की मराठी माणसाला पुणं आठवतं. घराघरांत शिरणारे गोरे सोल्जर, २२ जून १८९७ ची रात्र, रँड आणि चापेकर बंधू. त्याच वर्षी मार्चमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. शाळेच्या पुस्तकात आपण हे वाचलेलं असतं. १८९७ चा साथरोग कायदा तर २०२० मध्ये आपल्यालाच लागू झाला. पण प्लेगने मुंबईत आणखी एक गोष्ट मागे ठेवली. तिच्यावरून आपण रोज चालतो आणि ती प्लेगची आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

१८९८ साली खास कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. ट्रस्टकडे मोठे अधिकार होते. रोगट ठरवलेली वस्ती ताब्यात घ्यायची, पाडायची, तिथून नवा रस्ता काढायचा आणि बेटाच्या उत्तरेला नवी वसाहत आखायची. जुन्या शहरातून ट्रस्टने सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट काढले. पहिला आज सरदार वल्लभभाई पटेल रोड आहे, दुसरा शामळदास गांधी मार्ग. पश्चिमेच्या समुद्रावरची हवा दाट वस्तीच्या पोटात शिरावी, हा त्यामागचा एक हेतू होता. गंमत अशी की आमची गिरगावातली खोली या सरदार पटेल रोडपासून चालत पाच मिनिटांवर होती. समुद्राची हवा त्या रस्त्याने येत असेलही, आमच्या घरगल्लीत ती वळली नाही.

उत्तरेकडची जी वसाहत ट्रस्टने आखली ती म्हणजे दादर-माटुंगा. १८९९-१९०० च्या सुमाराला जेव्हा हा आराखडा झाला तेव्हा इथे भातशेती, वाड्या आणि विरळ वस्ती होती. एकट्या दादर-माटुंग्यात ६० हजार माणसं राहतील असा हिशेब होता. जवळजवळ तेवढीच शीव-माटुंग्यात. कामाचा क्रम लक्षात घ्यायला हवा. आधी जमीन ताब्यात, मग रस्ते, मग गटारं, मग प्लॉट, आणि सगळ्यात शेवटी घरं. आपल्याकडे सहसा हे उलट्या क्रमाने होतं. प्लॉट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिले गेले आणि भाडेपट्टा घेणाऱ्याला ट्रस्टच्या अटी पाळाव्या लागायच्या. काम इतकं सावकाश चाललं की बहुतेक घरं उभी राहायला १९२० आणि ३० ची दशकं उजाडली.

हिंदू कॉलनीच्या शेजारची पारशी कॉलनी याच आखणीतली. ट्रस्टमध्येच इंजिनिअर असलेल्या मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. तिथे रस्त्यागणिक झाडंसुद्धा ठरवलेली होती. फिरदौसी रोडवर महोगनी, जाम-ए-जमशेद रोडवर अशोक. रविवारी मी फाइव्ह गार्डन्सकडे चालत जातो तेव्हा कुठली गल्ली आली ते वर बघून ओळखायचा प्रयत्न करतो. अजून नेहमी जमत नाही.

रेघ

आता त्या मोकळ्या जागेकडे येऊ.

१९१२ साली ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा, याच विषयावर व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह एका नियमाचा होता. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढा. त्या रेघेचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त असता कामा नये.

साडेत्रेसष्ट हा आकडा विचित्र वाटतो. मलाही वाटला. मग फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. साडेत्रेसष्टचा टॅन्जंट जवळजवळ बरोबर दोन येतो. म्हणजे नियम सोपा आहे. समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त नको. चाळीस फूट उंच भिंत बांधायची असेल तर मध्ये वीस फूट आकाश सोडा.

हा काही चैनीचा नियम नव्हता. कोन ४५ अंशांचा ठेवला तर उंचीइतकंच अंतर सोडावं लागतं. मुंबईत जमीन इतकी महाग की तेवढं परवडणार नाही. साडेत्रेसष्ट हा तडजोडीचा आकडा होता. याहून अंधार झाला तर ती खोली माणसाने राहण्याची नाही, अशी ती शेवटची हद्द. आणि हा नियम उन्हाचाही नाही, आकाशाचा आहे. तळमजल्यावरच्या बाईला कणीक मळताना मान वर केली तर आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे, एवढीच मागणी.

मला हे चटकन समजायचं एक कारण गावात आहे. अजिंठ्याची लेणी डोंगर आत कोरत नेलेली आहेत, त्यामुळे चित्रं अंधारात असतात. आता तिथे दिव्यांची सोय आहे. पण माझे चुलत आजोबा तरुणपणी लेण्यांवर कामाला होते तेव्हा बाहेर उन्हात आरसा धरायचा, तो उजेड दारातून आत पाठवायचा आणि आत दुसऱ्याने पांढऱ्या कापडावर किंवा पत्र्यावर घेऊन भिंतीवर टाकायचा, असं चालायचं. कुठल्या लेण्यात किती वाजता आरसा कुठे धरायचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. ते म्हणायचे, “उजेड आपून आत येत नाही. त्याला वाट करून द्यावी लागते.” ते लेण्याबद्दल बोलत होते. मी ते गिरगावातल्या खोलीबद्दल ऐकायला हवं होतं.

ऑर यांचा नियम वाचला त्या संध्याकाळी मी फोनमधलं लेव्हल मोजायचं ॲप उघडलं आणि खाली गेलो. आमच्या आणि शेजारच्या इमारतीच्या मधल्या जागेत, भिंतीला फोन टेकवून, समोरच्या गच्चीच्या कठड्यावर नेम धरला. एकसष्ट अंश. रस्त्याच्या बाजूने मोजलं तर चाळीसच्याही खाली. वॉचमनने विचारलं, काय मोजताय. मी म्हणालो, आकाश. त्याला मी प्यायलोय असं वाटलं असावं.

मग एका शनिवारी गिरगावात जाऊन जुन्या घरगल्लीतही मोजलं. ॲपने ऐंशीच्या वरचा आकडा दाखवला. घरगल्लीत नीट उभं राहायलाही जागा नव्हती.

कुणासाठी?

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट फार गोड झाली असती. साथ आली, शहाण्या लोकांनी नियम केला, सुंदर रस्ते झाले. पण ज्यांची घरं त्या साथीच्या नावाखाली पाडली गेली ती माणसं दादरच्या गल्ल्यांत राहायला आली नाहीत. येणं शक्यच नव्हतं. त्यांचं काम बंदरात, बाजारात, गोदीत. नव्या वसाहतीचं भाडं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. ट्रस्टने पहिल्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या गरिबांसाठी बांधल्या नाहीत. उठवलेली कुटुंबं शेजारच्या वस्तीत घुसली आणि तिथली दाटी आणखी वाढली. उजेड मिळाला तो प्रामुख्याने कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर अशा नव्या मध्यमवर्गाला. त्यातही बऱ्याच वसाहती जातीच्या, धर्माच्या नावाने वाटल्या गेल्या. नावंच बघा ना, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी.

ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या, त्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशकं राहिले. दोन खोल्या, त्यात कुटुंब आणि पुस्तकं. १९३० च्या दशकात त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, त्यात ५० हजारांवर पुस्तकांचं ग्रंथालय केलं. परळची चाळ आणि दादरची कॉलनी ही एकाच ट्रस्टच्या कामाची दोन टोकं आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला बाबासाहेबांसारख्या माणसाला इतकी वर्षं लागली. बाकीच्यांचं काय झालं असेल याचा अंदाज करता येतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शांत गल्ल्या बदलून जातात. चैत्यभूमीला आलेली माणसं राजगृहही बघायला येतात. पहिल्या वर्षी मला तिथे आमच्याच सोयगाव तालुक्यातली एक आजी भेटली. बोलण्यावरून मी ओळखलं. ती झाडाखाली पिशवी ठेवून बसली होती. म्हणाली, “लेकरा, किती मोकळं हाय रे इथं. बाबासाहेबांना वाचायला बरं पडलं असंल.” इतकी वर्षं राहणाऱ्या कुणाही रहिवाशाने या रस्त्यांचं याहून नेमकं वर्णन माझ्याजवळ केलेलं नाही.

चुकलेलं कारण, बरोबर नियम

मी नोकरीत बरीचशी जुनी सिस्टीम सांभाळतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड असतो. त्यात मध्येच एखादी विचित्र अट सापडते. कशासाठी घातली ते लिहिलेलं नसतं, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. नवीन माणसाला वाटतं, हे काढून टाकू, कोड सुटसुटीत होईल. काढतो. टेस्ट पास होतात. तीन महिन्यांनी एखाद्या रात्री सगळं कोसळतं, आणि मग कळतं की ती अट कशासाठी होती.

ट्रस्टच्या नियमाचं प्रकरण याहून मजेशीर आहे, कारण तिथे कारण लिहिलेलं होतं आणि ते निम्मं चुकीचं होतं. अंधार, कोंदट हवा आणि घाण यांतून प्लेग होतो, असा १८९६ च्या अधिकाऱ्यांचा समज होता. पण पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो. त्याचं म्हणणं सर्वमान्य व्हायला काही वर्षं गेली, पण तो बरोबर होता. म्हणजे प्लेग थांबवायला मुंबईला आकाशापेक्षा उंदरांपासून दूर ठेवलेलं धान्य जास्त उपयोगी पडलं असतं.

मग साडेत्रेसष्ट अंश वाया गेले का? नाही. कारण त्याच अंधाऱ्या खोल्यांत दुसरा एक आजार होता, जो खरोखरच हवेतून पसरतो. टीबीचे जंतू खोकणाऱ्याच्या श्वासातून बाहेर पडतात आणि कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात, उन्हात मरतात. प्लेगसाठी केलेला नियम क्षयाच्या कामी आला.

१९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. नियम बदलत गेले, शहर वाढत गेलं. आणि मग आपण ती अट काढली.

ती कुठे काढली हे बघायला मी एका रविवारी गोवंडीला गेलो. रस्ते, रेल्वे, नाले यांच्या कामांसाठी झोपड्या हटवून लोकांना जिथे घरं दिली त्या पुनर्वसन वसाहती तिकडे आणि शेजारच्या मानखुर्दला आहेत. अशा इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत मिळते, नाहीतर घरं बसवायची कुठे, असा युक्तिवाद असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी अशा तीन वसाहती तपासल्या. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना अगदी खेटून आहेत, काही ठिकाणी मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. तिथे साधारण दर दहा घरांमागे एका घरात टीबीचा रुग्ण आढळला. जिथे इमारतींमध्ये मोकळी जागा जास्त होती त्या पीएमजीपीत हे प्रमाण कितीतरी कमी होतं. आणि वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांना धोका जास्त.

मी तिथे दुपारी बाराला उभा होतो. डिसेंबरचं स्वच्छ ऊन होतं, पण ते वरच्या दोन मजल्यांवरच थांबलं होतं. तळमजल्यावरच्या प्रत्येक दारातून ट्यूबलाइटचा पांढरा उजेड बाहेर येत होता. एका दारात तांदूळ निवडत बसलेल्या मावशी म्हणाल्या, “झोपडीत पाणी गळायचं, पण पत्रा सरकवला की ऊन यायचं. इथं बिल येतं.” मी फोन काढून भिंतीला लावला नाही. मला ते बरं वाटलं नाही. हिशेब घरी येऊन केला. बावीस मीटरची इमारत आणि तीन मीटरचं अंतर धरलं तर कोन ८२ अंशांचा होतो. म्हणजे आमच्या गिरगावातल्या घरगल्लीएवढाच. फरक इतकाच की ती घरगल्ली प्लेगच्या आधीच्या मुंबईची आठवण आहे, आणि ही या शतकात नकाशावर शिक्का मारून बांधलेली आहे.

दोन बैठका

आमची इमारत आता पुनर्विकासाला चालली आहे. मागच्या महिन्यात बैठक झाली. मी भाडेकरूचाही भाडेकरू, त्यामुळे मागे उभा होतो. आर्किटेक्टने स्क्रीनवर टॉवरचं चित्र दाखवलं, त्यात झाडं होती, ढग होते. समोरचे आजोबा खूश होते. त्यांचे गुडघे गेलेत, त्यांना लिफ्ट हवी आहे. छत गळतं, बाल्कनीच्या सळया बाहेर आल्यात. जुनं तेच चांगलं असं म्हणणाऱ्याने एक पावसाळा त्यांच्या स्वयंपाकघरात काढावा.

तरीही मी हात वर केला आणि विचारलं की नव्या इमारतीपासून शेजारची इमारत किती लांब असेल. आर्किटेक्ट म्हणाले, नियमाप्रमाणे. मी म्हणालो, नियम मीटरमध्ये सांगू नका, तळमजल्यावरून समोरचा माथा किती अंशांत दिसेल ते सांगा. ते हसले. म्हणाले, तळमजल्यावर राहतंय कोण? पार्किंग आहे. त्यांचं बरोबर होतं. टॉवरमधले सगळे वर जाणार. मात्र शेजारच्या तीन मजली जुन्या इमारतीत तळमजल्यावर एक कुटुंब राहतं. त्यांची बैठक अजून झालेली नाही.

दुसरी बैठक दिवाळीत गावाकडे झाली, आमच्याच ओट्यावर. फर्दापूरही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. हायवेच्या कडेने हॉटेलं, दुकानं, लॉज झाले. मुघल काळातल्या सराईच्या आसपासही घरं दाटली. शेजाऱ्यांनी आमच्या हद्दीला लागून दोन मजली बांधायला काढलंय आणि वडिलांनीही यंदा मागच्या बाजूला एक खोली काढायचं ठरवलं. मिस्त्रीने चुन्याने रेघ मारली होती, अगदी हद्दीवर. त्या भिंतीत खिडकी ठेवायची होती.

मी म्हणालो, रेघ आत घ्या. शेजारचं घर बावीस फूट जाईल, मध्ये अकरा फूट तरी पाहिजेत. त्यांनी हद्दीपासून दोन फूट सोडलेत, नऊ आपण सोडू. वडील म्हणाले, अर्धी खोली तिथंच जाईल. मिस्त्री म्हणाला, साहेब, खिडकी बाहेर दुसऱ्या अंगाला काढू, इकडे भिंत कोरी ठेवू. मी म्हणालो, उद्या त्या अंगालाही कुणी बांधेल. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुंबईला राहून हे शिकलास व्हय?”

शेवटी सहा फुटांवर तडजोड झाली. शेजाऱ्यांचे दोन धरून मध्ये आठ फूट होतात. मी रात्री गणित केलं. सत्तर अंश. साडेत्रेसष्ट नाहीत, पण ब्याऐंशीही नाहीत. सकाळी मिस्त्रीने जुनी रेघ पायाने पुसली आणि आत नवी मारली.